खोकला हे उत्तर नव्हे

एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा
१२ ऑगस्ट २०२४

चि. कामिनी हिला लिलाधरमामाचा आशीर्वाद.

पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. वाटून घे. माझ्याकडे फोन आहे आणि तुझा नंबरही आहे. पण फोनवर झालेलं बोलणं नंतर दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतात. मला जे विचारायचं आहे त्यात तसं चालणार नाही.

काम असं आहे. लाखनीला हायवेवरच्या ज्या राइस मिलमध्ये मी हेड मिस्त्री आहे, तिथे मनिषशेठने धान सोलायची नवी मशीन बसवली. तिच्या जोडीला रंग पाहून दाणा निवडणारी दुसरी. म्हणजे सुपाने तांदूळ साफ करणाऱ्या बायांचं काम दिवाळीनंतर संपणार. मशीन विकणाऱ्या कंपनीची अट आहे की चालवणारा माणूस रीतसर शिकलेला पाहिजे. त्यांचा परीक्षक नोव्हेंबरात येईल. शेठ मला म्हणाला, "लिलाधरभाऊ, तुमीच शिकवा. आपल्यातला एक पास झाला तं ठीक, नाही तं मी रायपूरहून ऑपरेटर आणतो." जागा एकच आहे.

मी नववीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं मशीन उघडून शिकलो. माझ्याकडे पदवी नाही, हे मशीनला अजून कळलेलं नाही. पण कोणत्या दिवशी काय शिकवायचं, असा कार्यक्रम मी कधी आखला नाही. सिहोऱ्याच्या लग्नात तुझी आई, माझी लांबची चुलतबहीण कुंताबाई, सांगत होती की तू पुण्याच्या कारखान्यात हेच करतेस, माणसांना काम शिकवायचे कार्यक्रम बनवतेस. मला इतके दिवस वाटत होतं तू तिथे काहीतरी काम करतेस.

तर कळव. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, त्यामुळे तुला सल्ला विचारण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या कोणाला विचारला नसता.

तुझा,
लिलाधरमामा

ता. क. मसुदा सोबत जोडला आहे. मला त्यात चूक दिसत नाही. तुला दिसली तर लिही.

⁂

पुणे
२२ ऑगस्ट २०२४

ति. लिलाधरमामा यांना सा. न.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. आमच्या शिपायाने ते दोन्ही हातांनी आणून दिलं. त्याला वाटलं कोर्टाची नोटीस आहे.

मसुदा वाचला. पहिला दिवस "धानाचा इतिहास". दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस "मशीनचे भाग, नावांसह". नवव्या दिवसापर्यंत कोणी मशीनला हात लावत नाही. मामा, तुम्ही स्वतः असे शिकलात का?

तुम्हाला काय काय येतं ते लिहू नका. शिकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही नसताना, एकट्याने काय करता आलं पाहिजे ते लिहा. मग तिथून उलटे मागे या. वाटेत जे लागत नाही ते काढून टाका. वाईट वाटेल. आमच्या साहेबांनाही वाटतं.

पण तुमचा चौथा नियम मी वाचला आणि पुन्हा वाचला: "मोटर सुरू करण्याआधी मशीनजवळच्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने घ्यावं. त्याने आपल्या तोंडाने 'बाजूला' म्हटल्याशिवाय बटण दाबू नये. नाव घेतल्याशिवाय कोणी मध्ये बोलू नये, गोंधळ होतो. खोकला, शिट्टी, 'हूं' ही उत्तरं धरू नयेत."

हे फार चांगलं आहे. आमच्याकडे नुसती घंटा वाजते आणि ती कोणासाठी वाजली हे कोणालाच माहीत नसतं. हा नियम मी इथल्या वर्गात वापरू का?

आणि शिकणारे कोण कोण आहेत ते कळवा. माणसं ठाऊक नसताना कार्यक्रम बनवता येत नाही.

तुमची,
कामिनी

⁂

एकोडी
३१ ऑगस्ट २०२४

चि. कामिनी हिला आशीर्वाद.

धानाचा इतिहास काढला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आता पहिल्याच दिवशी मशीनला हात लावतात. अजून तरी मशीन बरी आहे.

चौथा नियम वापर. खाली "लिलाधर मिस्त्री, एकोडी" असं छाप. एकोडीचा ए मोठा.

शिकणारे असे. कवडू: मी सांगायला सुरुवात करण्याआधीच "समजलं जी" म्हणतो. निकेश: हमालीतला, अंगाने धट्टाकट्टा, बोल्ट इतका आवळतो की नंतर कापून काढावा लागतो. बायाबाई: वय झालं, मशीनच्या आवाजाने कान गेले, तिला जागा नको आहे. "मंग काहून येता?" विचारलं तर म्हणाली, "घरी सून हाय." चौथी दुर्गा. सुपावरचीच, दहावी झालेली. एकदा पाहिलेलं दुसऱ्यांदा दाखवावं लागत नाही. तिचा नवरा ट्रकवर होता, आता कमरेने बसला आहे. सुपाचं काम गेलं की त्या घरात दुसरं कोणी कमावणारं नाही. माझ्या मते पास झालीच तर ती होईल.

दुर्गासाठी मी तिसऱ्या माणसाची पद्धत वापरतो. म्हणजे मी बायाबाईला सांगतो, बायाबाई दुर्गाला सांगते. पाना द्यायचा असेल तर मी पोत्यावर ठेवतो, मग ती उचलते. याला तांत्रिक कारण आहे.

तुझा,
लिलाधरमामा

⁂

पुणे
९ सप्टेंबर २०२४

ति. मामा यांना सा. न.

तुमच्या नावासकट नियम छापला. ए मोठा.

आता स्पष्ट विचारते, राग मानू नका. जिच्या हातात पाना देता येत नाही, जिच्याशी बोलता येत नाही, अशी ही दुर्गा कोण? ती तलावावरच्या मासे धरणाऱ्या घरातली आहे म्हणून हे चाललं आहे का? आईकडून मी लहानपणी असलं बरंच ऐकलं आहे. तसं असेल तर तुमच्या कार्यक्रमात मी एक ओळही लिहिणार नाही आणि तुमचा नियमही भिंतीवरून उतरवीन.

तसं नसेल तर पुढे वाचा. शिकणाऱ्याला प्रश्न विचारायला जागा हवी. तोंडाने विचारायला लाज वाटत असेल तर मिलमध्ये एक डबा ठेवा. चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही.

कामिनी

⁂

एकोडी
१९ सप्टेंबर २०२४

चि. कामिनी,

राग मानला. दोन दिवस मानला, मग शेताचे धुरे, म्हणजे बांध, पाहून आलो आणि लिहायला बसलो.

मासे धरणाऱ्या घरातली बायाबाई आहे. तिच्या हातचा चहा मी रोज पितो, तो चांगला नसतो, पण त्याचं कारण पाणी आहे.

दुर्गा माझ्या धाकट्या भावाची, भूपेंद्रची बायको आहे. माझी भावसून. लग्नाला तू नव्हतीस, तुझी परीक्षा होती. मी तिचा भासरा. तू शहरात वाढलीस म्हणून लिहितो: आमच्याकडे भावसून भासऱ्याच्या समोर उभी राहत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याचं नाव तोंडात आणत नाही. एकमेकांचा स्पर्शही होऊ देत नाहीत. मी त्यांच्या अंगणात शिरताना खोकतो, म्हणजे ती पदर घेऊन आत सरकते. अकरा वर्षं झाली लग्नाला. मला उद्देशून तिच्या तोंडून एक शब्द आलेला नाही. यात भांडण नाही. हा मान आहे. कोणी ठरवलं हे मला माहीत नाही. चौथ्या नियमासारखा हा कोणी लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे कुठे खोडायचा तेही समजत नाही.

मिल ही काही अंगण नव्हे, असं तू म्हणशील. भूपेंद्रलाही मी तेच म्हटलं. तो म्हणाला, "दादा, तिले मी सांगून पाह्यलं. तिचं तोंडच उघडत नाही तं का करू?"

डबा ठेवला. ग्रीसचा होता, धुऊन घेतला, झाकणाला चीर पाडली, कुलूप लावलं. चार दिवसांत एकही चिठ्ठी आली नाही. यावरून सर्वांना सर्व समजलं आहे असं दिसतं.

तुझा,
लिलाधरमामा

⁂

पुणे
२७ सप्टेंबर २०२४

ति. मामा यांना सा. न.

मी चुकीचं समजले. माफ करा.

डब्याची किल्ली कोणाकडे आहे? तुमच्याकडे असणार. मग त्यात चिठ्ठी कोण टाकेल? सोबत माझा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून पाठवते आहे. मशीनजवळ चिकटवा. ज्याला काही विचारायचं असेल त्याने मला लिहावं. मी तुम्हाला पाठवीन.

कामिनी

⁂

एकोडी
८ ऑक्टोबर २०२४

कामिनीताई यांना दुर्गाचा नमस्कार.

भिंतीवर पत्ता पाहिला म्हणून लिहून राहिली. काही चुकलं तर माफ करा.

माझे प्रश्न असे हायेत. मशीनमध्ये रबराचे दोन रूळ हायेत, त्यांच्या मधून धान जाते आणि टरफल निघते. रूळ घासले की फट कमी करा, असं कागदावर हाय. पण रूळ घासला हे ओळखाचं कसं ते नाही. भासरे हात लावून पाहतात आणि मान हलवतात. मान कोणत्या बाजूनं हलली ते मला समजत नाही, कारण मी खाली पाहत असते.

दुसरं, बायाबाई मला सांगतात ते अर्धं असते. परवा भासरे म्हणाले, "पट्टा ढिला ठेवू नका." बायाबाईंनी मला सांगितलं, "पट्टा ढिला ठेव म्हंते." मी ढिला ठेवला, धान तुंबलं. मग सगळ्यांनी मिळून मशीन साफ केली.

आणि ताई, भासरे समजावतात ते लय चांगलं असते. ते पाठ करून बोलत नाहीत. मी पोत्यामागून सगळं ऐकते. हे त्यांना सांगू नका.

तुमची,
दुर्गा

⁂

पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

ति. मामा यांना सा. न.

एका शिकणाऱ्याचे प्रश्न आले आहेत, ते उतरवून पाठवते आहे. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला कळेलच. पत्राचा शेवटचा भाग उतरवू नका असं तिचं म्हणणं आहे, म्हणून तो ठेवून घेतला. वाईट काही नाही त्यात.

तुम्ही दोघं मशीनच्या दोन बाजूंना उभे असता. मध्ये अंतर किती?

कामिनी

⁂

एकोडी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. कामिनी,

अंतर चार हात. प्रश्न पुण्याला जाऊन परत यायला तेरा दिवस लागले. त्यात टपालखात्याचा दोष नाही.

उत्तर पुढे लिहितो, तू जसंच्या तसं पाठव. मोटर बंद आणि किल्ली कमरेला असताना अंगठ्याची मागची बाजू रुळावरून फिरवावी. तळहात फिरवू नये, आपल्याकडच्या तळहातांना काही समजत नाही, ते कामाने जाड झालेले असतात. नवा रूळ चिकट लागतो. घासलेला काचेसारखा गुळगुळीत लागतो. एक रूळ जास्त वेगाने फिरतो म्हणून तो आधी झिजतो. अशा वेळी दोघांची जागा बदलावी. मशीनखालचा मूठभर दाणा घ्यावा. टरफल न निघालेले दाणे जास्त दिसले तर फट मोठी झाली, तुकडे जास्त दिसले तर फट फार आवळली.

पट्ट्याबद्दल मी बायाबाईकडे चौकशी केली. ती म्हणाली, "तुमी 'नको' हळू म्हंता."

यापुढे मी मान हलवणार नाही. "घासला" किंवा "चांगला" असं मोठ्याने म्हणेन. मशीनकडे पाहून म्हणेन, म्हणजे कोणाला अडचण नको.

पत्राच्या शेवटच्या भागात काय होतं?

तुझा,
लिलाधरमामा

⁂

एकोडी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. कामिनी,

परीक्षा काल झाली. झालं ते क्रमाने लिहितो.

परीक्षक सकाळी आला आणि परीक्षा माझ्याच कागदावरून घेतो म्हणाला. तरुण होता, बूट स्वच्छ होते, बोलणं हिंदी. कवडूला पहिलं विचारलं, त्याने प्रश्न संपण्याआधी "समजलं जी" म्हटलं. तो तिथेच संपला. निकेशने बोल्ट आवळला. तोही संपला.

मग दुर्गा. रूळ ओळखला. मूठभर दाणा पाहून फट नीट केली. पट्टा नीट ताणला. परीक्षक दर वेळी "व्हेरी गुड" म्हणत होता. मी भिंतीजवळ उभा होतो. इतकं सगळं मी शिकवलं होतं, हे मला तेव्हा ठळकपणे दिसत होतं.

शेवटचं राहिलं, मशीन सुरू करणं. मधल्या वेळात परीक्षक मनिषशेठशी बोलत दुसऱ्या बाजूला गेला. धान वर नेणारा जो पट्टा आहे, त्याच्या बुडाशी जमिनीत खड्डा आहे. खड्ड्याच्या कोपऱ्यात मला भुसा दिसला. परीक्षक वाकून पाहील, असं मला वाटलं. माझ्या खड्ड्यात भुसा दिसलेला मला चालणार नव्हता. मी उतरलो.

मी खाली असतानाच वर सुरू झालं. दुर्गाचा आवाज आला. खणखणीत होता, मी तो इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"कवडू!"

"बाजूला जी!"

"निकेश!"

"बाजूला!"

"बायाबाई!"

"अवं बाजूलाच त हाओ माय, कुठं जाऊ!"

आणि मग काही नाही.

परीक्षक म्हणाला, "सबका नाम हो गया? स्टार्ट कीजिए."

काही नाही.

मी खाली उभा होतो. धान उचलायला पट्ट्याला लावलेल्या बादल्या माझ्या खांद्याला टेकल्या होत्या. माझं नाव आलं नव्हतं. नाव घेतल्याशिवाय मध्ये बोलू नये, हे मीच लिहिलं आहे. शिवाय बोलायचं तर भावसुनेशी बोलावं लागलं असतं. म्हणून मी खोकलो. अंगणात खोकतो तसा.

वरून परीक्षकाचा आवाज आला, "मॅडम, ये पल्लू क्यों ले रही हैं? स्टार्ट कीजिए, टाइम जा रहा है."

मी पुन्हा खोकलो. बटणाच्या पेटीतून किल्ली काढल्याचा आवाज आला. मग दुर्गा म्हणाली, "बायाबाई, खड्ड्यात पाहा जी."

बायाबाई काठावर आली, वाकली आणि ओरडली, "अरे बाप्पा! लिलाधर! वर ये ना बापा, का करून राहिला तिथं?"

मी वर आलो. अंगभर भुसा होता. परीक्षकाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कागदाकडे पाहिलं आणि दुर्गाला विचारलं, "इनका नाम क्यों नहीं लिया?"

ती खाली पाहत राहिली. कवडू छताकडे पाहत होता. सगळ्या मिलला माहीत होतं आणि कोणी बोललं नाही. परीक्षकाने लिहिलं: चौथा नियम पाळला नाही, अनुत्तीर्ण. कागदाप्रमाणे त्याचं बरोबर आहे.

मी काही बोललो नाही. माझ्या कपड्यांवर भुसा होता.

शेठने रायपूरला फोन लावला आहे. त्यांचा माणूस महिनाअखेर येईल.

तुझा,
लिलाधरमामा

⁂

पुणे
२३ नोव्हेंबर २०२४

ति. मामा यांना सा. न.

भुसा झटकायला किती वेळ लागतो?

तुमच्या पत्राच्या आदल्या दिवशी दुर्गाचं पत्र आलं. या वेळी मी तिचं ऐकणार नाही. सगळं उतरवते:

"ताई, मी नापास झाली. परीक्षकाची काही चूक नाही. नियम बरोबरच हाय, माझ्याच तोंडून नाव निघत नाही. पहिल्या दिवसापासून मला हे माहीत होतं. भासरे नेहमी समोरच उभे राहत, म्हणून निभावून गेलं. ते खड्ड्यात हायेत हे मला खोकल्यावरून समजलं. पण हे त्यांना सांगू नका. त्यांच्या कागदात खोकला चालत नाही. नियम मोडून मी तो ऐकला असं त्यांना वाटंल."

मामा, त्या दिवशी तुम्ही ज्याच्यामुळे वर आलात, ते उत्तर धरू नये असं तुमच्या कागदावर लिहिलं आहे. आणि तिने ते धरलं ही गोष्ट ती तुमच्यापासून लपवते आहे, तुमच्या कागदाला कमीपणा येऊ नये म्हणून.

आमच्या कामात एक गोष्ट आम्ही कायम विसरतो आणि पुन्हा पुन्हा शिकतो. चांगलं शिकलेला माणूस जर एखाद्या ठिकाणी अडला, तर आधी त्याला नापास करू नये. त्याला ज्याने शिकवलं त्याचा कागद तपासावा. तो कागद तुमचा आहे. बदलायचा अधिकारही तुमचाच. परीक्षक बदलू शकत नाही, दुर्गा बदलू शकत नाही, मीही नाही. रायपूरचा माणूस महिनाअखेर येतो म्हणता. म्हणजे हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा फार दिवस उरलेले नसतील.

इथे भिंतीवर तुमचं नाव आहे. ए मोठा.

तुमची,
कामिनी

⁂

एकोडी
११ डिसेंबर २०२४

चि. कामिनी हिला आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्या रात्री मी कागद काढून चौथा नियम पुन्हा तपासला. त्यानंतर मनिषशेठकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं, "शेठजी, नापास मी झालो. उमेदवार नाही झाली. नियम चुकीचा बनवला आहे."

शेठ म्हणाला, "लिलाधरभाऊ, तुमी? चुकीचा?" त्याने मुनीमाला बोलावलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. मुनीमाने बाहेर जाऊन कवडूला सांगितलं असावं, कारण दुपारपर्यंत हायवेवरच्या चहावाल्यालाही माहीत होतं.

परीक्षकाला मी लेखी कळवलं. नवा चौथा नियम असा: "मोटर सुरू करण्याआधी माणसांची नावं घेऊ नयेत. जागांची घ्यावीत. रूळ, पट्टा, खड्डा. त्या जागेत जो असेल त्याने 'आहे' म्हणावं. तो बाहेर येईपर्यंत बटण दाबू नये. उत्तर आलं नाही तर एकाने वाकून पाहावं आणि 'रिकामा' म्हणावं. न पाहता रिकामा धरू नये." हा जुन्यापेक्षा चांगला आहे. नवा माणूस, पाहुणा, लाइटवाला, ज्याचं नाव कोणाला माहीत नाही तोही यात सापडतो. हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. खोकल्याबद्दलची ओळ बदलली आहे: "खोकला हे उत्तर नव्हे, परंतु ऐकू आल्यास थांबावं." पुण्याला भिंतीवर आहे ते उतरव आणि हे लाव. खाली नाव माझं एकट्याचं छापू नकोस. "लिलाधर मिस्त्री व दुर्गा, एकोडी" असं छाप.

रायपूरचा माणूस आला होता. शेठने त्याला चहा पाजून चार दिवस थांबवून ठेवलं. परीक्षक शुक्रवारी परत आला. चाचणी खरी व्हावी म्हणून मी मुद्दाम खड्ड्यात उतरलो. या वेळी भुसा नव्हता.

वरून आवाज आला, "रूळ?"

बायाबाई म्हणाली, "रिकामा!"

"पट्टा?"

"रिकामा!"

"खड्डा?"

मी म्हटलं, "आहे."

आणि बाहेर आलो. तिने पुन्हा विचारलं, बायाबाईने वाकून पाहिलं, "रिकामा" म्हणाली, आणि मशीन सुरू झाली. परीक्षकाने सही केली. रायपूरचा माणूस संध्याकाळच्या गाडीने गेला. जाताना त्याने नव्या नियमाचा फोटो काढून नेला.

दुर्गा आता सकाळच्या पाळीला मशीनवर असते. पदर असतो, पण कमरेला खोचलेला, कारण सैल पदर पट्ट्यात जाऊ शकतो. हा सहावा नियम आहे आणि तो तिने सुचवला, बायाबाईच्या मार्फत. या वेळी बायाबाईने पूर्ण सांगितलं.

अकरा वर्षांत तिने मला उद्देशून काढलेला पहिला शब्द "खड्डा" हा आहे. याहून बरा शब्द असू शकला असता, पण नियमात तोच बसतो. माझं उत्तर "आहे". तुमच्या पुण्याच्या भाषेत याला संभाषण म्हणतात की नाही ते कळव. भूपेंद्र म्हणतो, म्हणतात.

बाकी सर्व ठीक. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
लिलाधरमामा

ता. क. मी खड्ड्यात नसताना मला उत्तर देता येत नाही. तसा नियमच आहे. खड्ड्याची सफाई पूर्वी आठवड्यातून एकदा पुरायची. हल्ली मी रोज करतो, सकाळच्या पाळीला मशीन सुरू व्हायच्या वेळी.